गाडीतून उतरलेला माणूस

भीमराव ओव्हाळांवर परदेशात सिनेमा निघालाय, ही बातमी येरवड्यातल्या त्यांच्या वस्तीत पोचली तेव्हा आधी सगळे हसले. मग कुणीतरी मोबाइलवर पोस्टर काढून दाखवलं. पोस्टरवर एक गोरा म्हातारा खुर्चीत बसलेला आणि त्याच्या पायाशी, जमिनीवर, निळ्या गणवेशातला एक काळासावळा वॉचमन. दोघं एकमेकांकडे बघून हसतायत. "हे काय, हे तुम्हीच!" असं म्हणून लोकांनी भीमरावांच्या पाठीवर थापा मारल्या. भीमराव पोस्टरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी खाली कधी बसलो नाही. साहेब खुर्ची द्यायचे." मग विषय बदलला.

त्यांना विषय बदलावासा का वाटत होता, हे वस्तीत कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या मुलीलाही नव्हतं.

भीमरावांचा जन्म येरवड्यातलाच, तुरुंगाच्या भिंतीमागच्या गल्लीतला. वडील बार्शीकडून गवंड्याच्या हाताखाली काम करायला आले ते परत गेले नाहीत. भीमराव दहावीला गणितात अडकले आणि नारायण पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडिंगला लागले. छापून आलेल्या कागदांचे फर्मे मोडायचे, शिवायचे, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचे. सगळी तरुण वर्षं त्या खळीच्या वासात गेली. पुढे मालकाच्या मुलाने छापखाना मोडून जागा बिल्डरला दिली. त्या जागेवर 'स्वानंद' नावाची इमारत उभी राहिली आणि भीमराव तिथेच वॉचमन म्हणून लागले. पूर्वी ज्या कोपऱ्यात त्यांचं कटिंग मशीन होतं, बरोबर त्या कोपऱ्यात आता ते खुर्ची टाकून बसायचे. ओळखीतलं कुणी विचारलं तर म्हणायचे, "बढती झाली. आता बसून काम."

घर चालवलं ते चंद्रभागेने. त्यांची बायको. मुलींच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. बुटकी, ठणठणीत, बोलण्यात धार. छापखाना बंद पडला तेव्हा भीमराव दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "छापखाना गेला, तुम्ही नाही गेला. उठा, दळण आणा." एकुलत्या सोनालीचं शिक्षण, घरावरचा पत्रा काढून स्लॅब, पाहुण्यांचं देणंघेणं, सगळं तिनेच ठरवलं. भीमरावांना गोष्टी ठरल्यावर कळायच्या. ते काही वाईट नव्हतं. पण घरात आपलं मत कुणी विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि इमारतीत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या मजल्यावरून चहा यायचा तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपातून. कुणी वाईट बोलायचं नाही. कप मात्र वेगळा.

अशात दुसऱ्या मजल्यावर ओताकर साहेब राहायला आले. चेक देशाचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, वाकलेले. बायको वारलेली, मुलगी एवा तिकडे प्राग शहरात सिनेमे करणारी. पाली आणि संस्कृत पोथ्यांचा अभ्यास करायला ते तरुणपणापासून पुण्यात येत होते आणि आता उरलेले दिवस इथेच काढायचं त्यांनी ठरवलं होतं. इमारतीत नाव कळलं तसं लोक एकमेकांना विचारायला लागले, "ओतूरकर ना? जुन्नरजवळचे?" पाट्या रंगवणाऱ्यानेही त्यांच्या पत्रपेटीवर 'ओतूरकर' असंच लिहिलं. साहेबांनी ते पुसू दिलं नाही. "मला गाव मिळाले," म्हणाले.

त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं. पहिल्याच दिवशी सामान वर चढवून झाल्यावर ते भीमरावांना म्हणाले, "आपण थकलात. आसन ग्रहण करावे." भीमरावांना आधी कळेना, हे कुणाला बोलतायत. मागे वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. नारायण पेठेत आयुष्य गेलं होतं, पण तिथल्या एखाद्या घरात, खुर्चीवर, पंख्याखाली बसून भीमरावांनी पाणी प्यायलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढे एका सकाळी भीमराव टाकीचं पाणी सोडताना सवयीने त्रिसरण म्हणत होते. जिन्यातून साहेब उतरत होते. ते मध्येच थांबले आणि पुढचा भाग त्यांनी म्हटला, वेगळ्याच चालीत, प्रत्येक अक्षर सुटं करून. दोघं एकमेकांकडे बघत शेवटपर्यंत म्हणत राहिले. झाल्यावर साहेबांनी विचारलं, "आपणास कोणी शिकविले?"

"आईनं. विहारात."

"मला वृद्ध प्राध्यापकांनी. थंड खोलीत," साहेब म्हणाले. "आपली चाल अधिक चांगली आहे."

तेव्हापासून दुपारी इमारत झोपली की भीमराव वर जायचे. साहेब वाचून दाखवायचे, भीमराव विहारात ऐकलेलं सांगायचे. कधी नुसते बसायचे. साहेबांना बुद्धिबळ यायचं, भीमरावांना पत्ते. त्यांनी दोघांनी मिळून भीमरावांचा खेळ निवडला आणि साहेब रोज हरायचे. चंद्रभागा म्हणायची, "तुमच्या गोऱ्या भावाला एकदा आणा की जेवायला." आणलंही. तिने केलेलं सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी आणखी वाढून घेतलं. "माणूस बरा आहे," चंद्रभागेने निकाल दिला. "फक्त बोलतो भटजीसारखा."

मग कोरोनाचं ते साल आलं. सगळं बंद झालं. इमारतीचे सेक्रेटरी श्यामसुंदर परचुरे यांनी भीमरावांना गेटवर गाठून सांगितलं, "ओव्हाळ, रोज येरवड्याहून ये-जा जमणार नाही. आत राहायचं तर राहा, जिन्याखालची खोली आहे. नाहीतर उघडल्यावर या." कामावर पाणी सोडायचं नव्हतं. चंद्रभागेने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "राहा तिथंच. इथं गर्दी आहे." भीमराव राहिले. इथपर्यंत कुणाचं काही चुकलं नव्हतं.

साहेबांकडे स्वयंपाकाला येणारी बाई यायची बंद झाली. त्यात ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण उठवेना, चालवेना, आणि पाठोपाठ खोकला लागला. खोकल्याच्या आवाजाने दुसऱ्या मजल्यावरची दारं पटापट बंद झाली. वर जाणारा माणूस एकच उरला. भीमराव त्यांना उठवायचे, बसवायचे, अंग पुसायचे, खिचडी भरवायचे. संध्याकाळी साहेबांची मुलगी मोबाइलवर दिसायची, रडायची, भीमरावांना हात जोडायची. साहेब तिला त्यांच्या भाषेत दिवसभराचं सगळं सांगायचे. भीमरावांना त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळायचं. ते वारंवार यायचं.

आणि एका सकाळी चंद्रभागेचा फोन आला. सोनाली त्या वेळी औषधाच्या रांगेत होती. "अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकूनच भीमराव खुर्चीतून उठले. "ताप उतरत नाही माझा. दम लागतोय. तुम्ही या."

संसारात तिने असं कधी म्हटलं नव्हतं. आणा म्हणायची, द्या म्हणायची, उठा म्हणायची. या, असं म्हणायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

भीमरावांनी परचुऱ्यांना सांगितलं. परचुरे हा माणूस तिरकस, पण त्या दिवशी त्याने एक शब्द वाकडा काढला नाही. मंडईकडून भाजी घेऊन आलेला टेम्पो गेटवर उभा होता, त्याच्याकडे पोलिसांचा पास होता आणि तो पुढे येरवड्यालाच जाणार होता. परचुरे स्वतः ड्रायव्हरशी बोलले. "बसा आणि जा, ओव्हाळ. परत कधी यायचं ते नंतर बघू. नोकरी कुठे जात नाही."

"साहेबांचं?"

"बघू काहीतरी," परचुरे म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की वर कुणी जाणार नाही.

भीमराव टेम्पोत बसले. पायाशी कोबीची क्रेट्स होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. भीमरावांनी वर पाहिलं. खालचं बोलणं ऐकून ओताकर साहेब कसे कोण जाणे, पलंगावरून उठून गॅलरीपर्यंत आले होते. एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने जोरजोरात खुणा करत होते. जा. जा. काहीतरी ओरडतही होते, पण आवाज खोकल्यात बुडाला.

भीमराव उतरले.

का उतरले, हे त्यांना पुढे स्वतःशीसुद्धा कधी धड सांगता आलं नाही. हा माणूस आता एकटाच त्या गॅलरीतून आत कसा जाईल, हे मनात आलं, ते खरंच. चंद्रभागेजवळ सोनाली आहे, शेजारपाजार आहे, यांना कुणीच नाही, हेही आलं. पण आणखीही काही होतं. येरवड्याच्या त्या एका खोलीत शिरलेल्या तापाची त्यांना भीती वाटली होती. आणि सगळ्यांच्या तळाला एक गोष्ट होती, ती त्यांना कुणी ठार मारलं असतं तरी बोलून दाखवता आली नसती: घरी जाऊन ते नेहमीसारखे दळण आणणारे होणार होते, आणि वर दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी त्यांच्यावाचून मरेल इतके मोठे होते.

"उद्या जातो," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"उद्याचं काय खरं, काका," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी काढली. परचुऱ्यांनी गेट लावलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले. त्यानंतर सोनालीचा फोन आला की आईला ॲम्ब्युलन्समधून नेतेय, एका दवाखान्यात जागा नाही म्हणून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. मग आला तो शेवटचा फोन. चंद्रभागेचं तोंड शेवटी कुणालाच दिसलं नाही. पालिकेच्या माणसांनी नेलं, त्यांनीच अग्नी दिला. सोनालीला लांबून एक गुंडाळलेला आकार दाखवला, आणि ही आपली आई, हे तिने त्यांच्या शब्दावर मानलं.

"पप्पा, तुम्ही का नाही आलात?" ती फोनवर किंचाळली होती.

"सोडलं नाही गं," भीमरावांच्या तोंडून निघून गेलं. "सोसायटीनं गेटच उघडलं नाही."

"आईनं बोलावलं होतं तुम्हाला?"

"नाही. ती म्हणाली, येऊ नका."

दोन वाक्यं. विचार करून बोललेली नव्हती. पण बोलून झाल्यावर ती मागे घेता येईनात, आणि दिवस गेले तशी ती घट्ट होत गेली.

वाटा मोकळ्या झाल्यावर सोनाली वडिलांना न्यायला नारायण पेठेत आली. गेटवर परचुरे होते. तेव्हा ती जेमतेम पंचविशीची, वाळून काटकी झालेली. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या या गेटनं माझी आई खाल्ली. लक्षात ठेवा."

परचुऱ्यांनी भीमरावांकडे पाहिलं. भीमराव जमिनीकडे बघत होते. परचुरे चष्मा काढून पुसत एवढंच म्हणाले, "वाईट झालं, बाई." पुढे भीमराव कामावर परतले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मी बोललो नाही. माझं काय, मला शिव्या खायची सवय आहे. पण मुलीला सांगून टाका, ओव्हाळ. हे जुनं झालं की फार जड होतं."

भीमरावांनी मान हलवली. सांगितलं नाही.

ओताकर साहेब बरे झाले. विमानं सुरू झाली तशी मुलीने त्यांना बोलावून घेतलं. निघताना त्यांनी भीमरावांचे दोन्ही हात धरून ठेवले. चंद्रभागेचं त्यांना कळलं होतं, आणि कळलं त्या दिवसापासून ते भीमरावांच्या हातचं जेवताना मान वर करत नसत. "आपण का उतरलात?" त्यांनी विचारलं. "मी सांगत होतो, जा. मी सांगत होतो." भीमरावांनी त्यांची बॅग टॅक्सीत ठेवली. दोन वर्षांनी साहेब तिकडे वारल्याचं एवाने कळवलं.

सोनालीचं लग्न झालं, हडपसरला घर झालं, तिथल्याच एका आयटी कंपनीत ती ॲडमिनला लागली. दर रविवारी डबा घेऊन वडिलांकडे यायची. त्यांचं बीपी, त्यांचा चष्मा, त्यांच्या चपलांचे अंगठे, सगळ्यावर तिची नजर असायची. आईसारखीच रागवायची. "त्या लोकांनी तुम्हाला कोंडून घातलं, आणि तुम्ही अजून त्यांचंच गेट राखताय," म्हणून तिने त्यांना नोकरी सोडायला लावली. भीमरावांना तिचं ते प्रेम घ्यायचं तर घेववत नव्हतं आणि सोडवत नव्हतं.

सिनेमा पुण्यात एका महोत्सवात दाखवणार आणि एवा स्वतः येणार, असा फोन आयोजकांनी सोनालीलाच केला. सिनेमा असा होता म्हणे: परक्या शहरात अडकलेला एक म्हातारा आणि एक वॉचमन, एकमेकांची कुणी न लागणारी दोन माणसं, यांची मैत्री. तिकडे बक्षिसं मिळाली होती. भीमरावांनी सन्मानाने यावं.

"मी नाही येत," भीमराव म्हणाले. "मला कुठं कळतंय त्यांचं."

"मी सांगेन ना कानात. आपण जायचंच," सोनाली म्हणाली. तिचे डोळे चमकत होते, आणि ते कौतुकाने नव्हे. "सगळे टाळ्या वाजवतील ना, तेव्हा मी उठणार. म्हणणार, तुमच्या सिनेमातल्या त्या चांगल्या वॉचमनची बायको तेव्हा येरवड्यात मरत होती, आणि त्याला गेटबाहेर सोडलं नाही. हे दाखवलंय का कुठं? विचारणारच."

त्या आठवड्यात भीमरावांनी तीनदा फोन हातात घेतला. जायच्या दिवशी रिक्षात ते म्हणाले, "सोने, एक सांगायचं होतं."

"पप्पा, थांबा हं, माझं वाक्य विसरेन मी," ती म्हणाली. ओठातल्या ओठात ती इंग्रजी वाक्यं घोळवत होती. भीमराव बाहेर बघायला लागले. मनात एकच आशा होती. अनोळखी ड्रायव्हर सोडला तर टेम्पो पाहणारी माणसं दोनच, परचुरे आणि साहेब. परचुरे बोलले नव्हते. आणि साहेब आता नव्हते.

ते रोज संध्याकाळी मुलीला सगळं सांगत होते, हे भीमरावांना थिएटरात दिवे मालवल्यावर आठवलं.

सिनेमा देखणा होता. पुणं होतं, पण ते कुणाच्या ओळखीचं नव्हतं. सगळीकडे झेंडू, धूर आणि गाई. वॉचमनचं नाव राजू. मुंबईचा कुणी नट होता. कपाळाला टिळा, गळ्यात माळ, आरती करायचा, इंग्रजी चुकवून म्हाताऱ्याला हसवायचा. सोनाली कानाशी लागून सांगत होती. "तो म्हणतोय, साहेब, माझं या जगात कुणी नाही... साहेब म्हणतायत, माझंही नाही." थोड्या वेळाने ती पुटपुटली, "आईला तर जन्मालाच घातलं नाही यांनी." भीमरावांनी अंधारात मान हलवली. तिच्या रागाचाही त्यांना आधार वाटायला लागला होता. सिनेमा खोटा होता, आणि खोटा आहे तोवर ते सुरक्षित होते.

मग पडद्यावर गेट आलं. गेटबाहेर भाजीचा टेम्पो.

"सेक्रेटरी म्हणतोय, पास आहे, तू गावी जा," सोनाली कुजबुजली. "राजू बसला. म्हातारा गॅलरीत आलाय. तो हात..."

तिथे तिचा आवाज थांबला.

पडद्यावर म्हातारा हळूच हात हलवून निरोप देत होता. व्हायोलिन वाजत होतं. राजूने वर पाहिलं, त्याचे डोळे भरले, आणि तो टेम्पोतून उतरला. पायाशी कोबीची क्रेट्ससुद्धा होती. गेट उघडंच होतं. थिएटरात कुणीतरी हुंदका दिला. राजू गेटमधून आत पळत आला आणि जिना चढायला लागला.

सोनालीने पुढे काही सांगितलं नाही. सिनेमा अजून बराच होता. तो भीमरावांनी भाषेविनाच पाहिला. त्यांना शेजारी वळून बघायचा धीर झाला नाही. तिचा खांदा त्यांच्या खांद्याला लागलेला होता, तो केव्हा बाजूला झाला तेही त्यांना नेमकं कळलं.

दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एवा व्यासपीठावरून खाली आली, तिने भीमरावांना मिठी मारली, ती खरोखर रडत होती. हाताला धरून वर नेलं. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला. "काका, सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आहे. तुम्ही खरंच त्या गाडीतून उतरलात?"

खाली पाचव्या-सहाव्या रांगेत सोनाली बसलेली दिसत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. नुसती बघत होती, उत्तराची वाट बघत. नाही म्हटलं असतं तर तिने मानलं असतं का? कदाचित असतं. आजवर सगळं मानलंच होतं.

"हो," भीमराव म्हणाले.

टाळ्या दुप्पट झाल्या. तेवढ्यात सोनालीने हात वर केला. कुणीतरी ओरडलं, ही त्यांची मुलगी! माइक तिच्याकडे गेला. रिक्षात घोकलेली वाक्यं तिने म्हटली नाहीत. तिने एवाला इंग्रजीत एवढंच विचारलं, "राजूला बायको का नाही?"

एवा म्हणाली, "होती. मी लिहिली होती. बाबांनी मला सगळं सांगितलं होतं. पण ती असली की राजू उतरतो तेव्हा वाचणारे त्याच्यावर चिडत, आणि माझ्या बाबांवरही. कुणालाच कुणी आवडेना. म्हणून मी तिला काढून टाकली." तिने सोनालीकडे पाहिलं. "मी माफी मागायला हवी, असं मला वाटतं."

"नको. तुम्ही तर फक्त सिनेमातून काढलीत," सोनाली म्हणाली आणि बसली. हे शेवटचं ती मराठीत बोलली. एवाला ते समजलं नाही. व्यासपीठावरच्या दुभाष्याने सांगितलं नाही.

बाहेर कठड्याशी परचुरे काठी टेकून उभे होते. तेही आले होते. सोनाली त्यांच्यासमोर गेली, आणि भीमरावांना वाटलं, आता काय बोलते. तिने खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "काका, मी तुम्हाला त्या दिवशी बोलले."

परचुरे कावरेबावरे झाले. तिरकस बोलायची सगळी सवय त्या वेळी उपयोगी पडेना. "अगं, उठ," ते म्हणाले. "उठ, उठ. मीही सांगू शकलो असतो."

रिक्षात ती एका टोकाला बसली. येरवड्याला घरात शिरल्यावर तिने दिवा लावला, पाण्याचा तांब्या भरून वडिलांसमोर ठेवला. मग विचारलं, "आई फोनवर काय म्हणाली होती?"

"सोने, मी..."

"तिचे शब्द सांगा. तुमचे नकोत."

भीमराव तांब्याकडे बघत होते. "म्हणाली, ताप उतरत नाही. दम लागतोय." त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. "तुम्ही या, म्हणाली."

सोनाली रडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. "तीन दवाखाने फिरले मी तिला घेऊन," ती म्हणाली. "ॲम्ब्युलन्समध्ये ती सारखी दाराकडे बघायची. मी सांगायचे, आई, पप्पांना सोडत नाहीयेत गं. तुम्ही सांगायच्याही आधी मीच आपली तुमची बाजू लावून धरत होते. आणि ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मला काही माहीत नाही. तिला कळलं असणार, पप्पा. तिला तुम्ही माहीत होता."

"साहेबांना कुणी नव्हतं," भीमराव म्हणाले. इतकी वर्षं मनात जपलेलं ते वाक्य घरात त्या दोघांमध्ये पडलं आणि किती हलकं आहे ते त्यांना ऐकू आलं.

"हो," सोनाली म्हणाली. "आम्हाला होतं."

त्यानंतरचे रविवार ती आली नाही. औषधं कुरियरने यायची, बीपीच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. फोन केला की उचलायची, तब्येत विचारायची, ठेवायची.

वस्तीत मात्र भीमरावांचा भाव वाढला. त्यांच्या गल्लीतला मच्छिंद्र निवडणुकीला उभं राहायच्या बेतात होता. त्याने चौकात मोठा फ्लेक्स लावला. एका बाजूला हसणारा मच्छिंद्र, दुसऱ्या बाजूला महोत्सवात एवाने मिठी मारलेले भीमराव, आणि मध्ये जाड अक्षरात, 'माणुसकीचा जागता पहारा'. भीमराव त्याला म्हणाले, "काढ रे ते. हात जोडतो."

"काका, लाजता काय? आपल्या माणसाचं नाव सातासमुद्रापार गेलं. राहू द्या महिनाभर."

शाळांमधून बोलावणी आली. एका शाळेत ते गेले. मुलांनी विचारलं, तुम्हाला गाडीतून उतरताना काय वाटलं? भीमरावांनी पाणी मागितलं आणि नंतर कुठे गेले नाहीत.

चंद्रभागेच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला सोनाली आली. विहारात बायकांच्या बाजूला बसली, वंदना म्हटली, आलेल्यांना जेवायला वाढलं. पाहुणे पांगल्यावर घरी आली आणि भिंतीवरचा आईचा फोटो तिने उतरवला, जुन्या ओढणीत गुंडाळला.

"तिला आता माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली.

भीमरावांनी स्टूल धरून ठेवलं, ती उतरेपर्यंत. "मी येऊ का कधी हडपसरला?"

तिने विचार केला. खरोखर केला, ते त्यांना दिसलं. "आत्ता नको, पप्पा. मी सांगेन."

ती निघाली तेव्हा चौकात मच्छिंद्र भेटला. "ताई! काकांची मुलगी ना? या इकडं, फ्लेक्सखाली एक फोटो होऊन जाऊ दे बापलेकीचा." चार लोक जमले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सोनाली वडिलांशेजारी येऊन उभी राहिली, काखेत ओढणीचं गाठोडं घट्ट धरून. मच्छिंद्र म्हणाला, जरा जवळ, जरा हसा. दोघंही हसले. फोटो झाला, तो वस्तीच्या ग्रुपवर गेला, त्याखाली हात जोडल्याची पुष्कळ चिन्हं आली.

रिक्षा वळेपर्यंत भीमराव तिथेच उभे होते. मग कुणीतरी चहाला चला म्हणालं, आणि ते गेले.